नव्व्याण्णवांचा एकटेपणा : ‘कोसला’ उघडण्यापूर्वी

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली, तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच. पांडुरंग आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगतो. खान्देशातल्या सांगवीतलं लहानपण, पुण्याचं कॉलेज, होस्टेल, मेस, मित्र, परीक्षा, धाकट्या बहिणीचा मृत्यू आणि शेवटी पुन्हा गाव. कथानक म्हणावं तर एवढंच. खून नाही, वारसाहक्काचा पेच नाही, प्रेमप्रकरण हा गाभा नाही, शेवटी कुणाचं भलं झालं असंही नाही. तरीही साठ वर्षांहून अधिक काळ अठरा-वीस वर्षांची मराठी मुलं ही कादंबरी कुणाकडून तरी मागून घेतात, रात्रभर जागून वाचतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुणाच्या हातात देतात.

ही प्रस्तावना अशाच वाचकासाठी आहे, आणि त्यातही जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मुलामुलींसाठी, कारण ही गोष्ट त्यांच्या मातीतून उगवली आहे. ‘कोसला’विषयी आजवर खूप लिहिलं गेलं. तिच्या नायकाला परात्म म्हटलं गेलं, अस्तित्ववादी म्हटलं गेलं, पाश्चात्त्य कादंबऱ्यांतल्या एकाकी तरुणांशी त्याचं नातं जोडलं गेलं. त्यात तथ्य आहे, पण त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला. पांडुरंगचा एकटेपणा ही एखाद्या असामान्य, फार हळव्या माणसाची खासगी व्याधी आहे, असं वाटू लागलं. मला उलट वाटतं. हा एकटेपणा अगदी सर्वसाधारण मुलाचा आहे. त्याची कारणं बोट ठेवून दाखवता येतात: घर आणि कॉलेज यांतलं अंतर, वडिलांनी पाठवलेल्या पैशाचं ओझं, घरातला अबोला आणि टाळता आला असता असा एक मृत्यू. नेमाड्यांनीच ही कादंबरी शंभरातल्या नव्व्याण्णवांना अर्पण केली आहे. तो पहिला धागा हातात धरून पुढे गेलं, तर पुस्तक नीट उलगडतं.

आधी गाव. नेमाड्यांचा जन्म २७ मे १९३८ चा, जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या कसदार पट्ट्यात कापूस, ज्वारी, केळीच्या बागा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तरी विहिरीला पाणी असलं की माणूस शेत सोडत नाही. या पट्ट्यातला शेतकरी हिशेबी, कष्टाळू आणि पुढे जाण्याची ईर्ष्या असलेला. सांगवीपासून जवळच असलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. गांधी, नेहरू, देशभरचे पुढारी या केळीच्या मुलखात आले. पांडुरंगच्या वडिलांची पिढी या वाऱ्यात वाढलेली. त्यांना गावात शब्दाला किंमत होती, शेती होती, सोसायट्या आणि शाळांच्या कमिट्यांत वजन होतं. आता एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे मुलाने शिकून मोठं होणं.

आणि शिकण्यासाठी बाहेर पडणं आलंच. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. पण शिक्षणाची खरी राजधानी पुणे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं, आणि पुढे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये जळगावला सुरू होईपर्यंत खान्देशातल्या कॉलेजांच्या परीक्षा, निकाल, पदव्या सगळं पुण्याहून येत होतं. मुलगा खरंच हुशार असेल तर बापाने त्याला थेट पुण्यालाच धाडावं, ही त्या काळची रीत. वळकटी, ट्रंक, डब्यात चार दिवस टिकतील असे पदार्थ आणि भुसावळ-मनमाडमार्गे गाडी. नेमाडे स्वतः असेच फर्ग्युसनला गेले. पांडुरंगही असाच जातो.

या प्रवासात मुलाचं काय होतं, हे मराठी कादंबरीने तोवर आतून सांगितलं नव्हतं. नायक सहसा शहरी असे, सुशिक्षित असे, बोलण्यात तरबेज असे; खेड्यातून कुणी आलाच तर तो बहुधा नोकर म्हणून किंवा आदर्श शिक्षक म्हणून. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तीत मास्तर बाहेरून गावात जातो. ‘कोसला’त प्रवास उलटा आहे. गावचा मुलगा शहरात जातो आणि शहराकडे बघतो. त्याच्या नजरेला तिथल्या वादविवाद सभा, साहित्यिक गप्पा, प्राध्यापकांचे मोठेपण, श्रीमंत मुलांचे कपडे हे सगळं दिसतं, आणि थोड्याच दिवसांत त्यातला पोकळपणाही दिसतो. पण त्यातून त्याला स्वतःच्या गावाबद्दल अभिमान वाटू लागतो, असं मात्र नाही. सुट्टीत घरी आला की वडिलांची दादागिरी, घरातली भांडणं, गावातला क्षुद्रपणा यांनीही तो विटतो. दोन्ही ठिकाणी पाहुणा, हीच त्याची अडचण आहे. पुण्यात तो खेडवळ, गावात तो पुणेरी.

खान्देशातल्या मुलाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. पूर्वेकडच्या लेवा बोलीत वाढलेला मुलगा आणि धुळ्याकडे घरात ‘काय करी ऱ्हायना भो?’ असं विचारणारा अहिराणी मुलगा, दोघंही पुण्याच्या होस्टेलवर पहिल्या आठवड्यात तोंड उघडताना विचार करतात. वाक्य आधी मनात दुरुस्त करायचं आणि मग बोलायचं. ही सवय लागली की माणूस बोलण्यातला निम्मा उत्साह गमावतो. पांडुरंग जे बोलतो ते यातूनच आलं आहे, असं मला वाटतं.

त्या बोलण्याकडे वळू. पहिल्याच पानापासून ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द पांडुरंगच्या तोंडी सारखे येतात, आणि ते नको तिथे येतात. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. थोड्या पानांनी ती लकब अंगात भिनते, आणि बरेच वाचक महिनाभर तसंच बोलू लागतात. मग हळूहळू लक्षात येतं की हा मुलगा कुठल्याही गोष्टीजवळ पूर्ण जायचं टाळतो आहे. आपल्या वयालाही तो उदाहरण म्हणतो, आपल्या नात्यांनाही ‘वगैरे’त ढकलतो. जे मनाला फार लागलं आहे, ते कोणी विचारण्याआधी हलकं करून टाकायचं. कादंबरीचं नाव कोशाचं आहे, आणि ही भाषा त्या कोशाचा धागा आहे. मुलं अशी बोलू लागली की घरच्यांना ती उद्धट वाटतात. ती उद्धट नसतात, ती सावध असतात.

आणि या भाषेला खान्देशातलीच एक जुनी मुळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी महानुभाव पंथाची परंपरा अजून जिवंत आहे, आणि नेमाड्यांच्या लेखनामागे त्या परंपरेचं गद्य उभं आहे. तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ पाहा. छोटी छोटी वाक्यं, बोलता बोलता घडणारे प्रसंग, कुठलाही थाट नाही, उपदेश प्रसंगातूनच. ‘कोसला’चं वाक्य त्या घरातलं आहे. मध्ये एक भाग रोजनिशीसारखा, एक भाग तर भविष्यातल्या इतिहाससंशोधकाने पांडुरंगच्या कॉलेजच्या काळाचं संशोधन करावं अशा थाटात लिहिलेला. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं जमवली आणि १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. ज्या मुलखात जुन्या कागदांना इतका मान आहे, तिथल्या लेखकाने एका नापास पोराच्या मेसच्या जेवणावळी, चकाट्या आणि भांडणं यांनाही इतिहास म्हणून मांडलं. हसत वाचलं तरी त्यामागचा हट्ट गंभीर आहे: राजांच्या स्वाऱ्या जर लिहून ठेवण्याजोग्या, तर नव्व्याण्णवांचे दिवसही लिहून ठेवण्याजोगे.

आता निरागसपणाविषयी. वयात येण्याच्या कादंबऱ्यांत तो सहसा शरीराच्या अनुभवातून किंवा प्रेमभंगातून हरवतो. पांडुरंगचा निरागसपणा दोन वेगळ्या ठिकाणी जातो. पहिलं ठिकाण मेस. पांडुरंग पुण्यात येतो तेव्हा तो उत्साही, दिलदार, सगळ्यांत मिसळणारा मुलगा आहे, हे विसरून चालणार नाही. तो सभेत भाग घेतो, जबाबदाऱ्या अंगावर घेतो, मेसचा कारभार हातात घेतो. मुलांना चांगलं जेवण मिळावं, नोकरांना वाईट वाटू नये, कुणावर संशय घेऊ नये, या वृत्तीने तो वागतो. आणि शेवटी हिशेब त्याच्या अंगावर येतो. ज्यांच्यासाठी केलं ते बाजूला होतात. त्यानंतर घरून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा आवाज बदलतो. कापूस-केळी विकून आलेला पैसा, त्याच्यामागचे वडिलांचे शब्द, आणि तो पैसा कुठे गेला याचं उत्तर देता न येणारा मुलगा. चांगुलपणाला किंमत मोजावी लागते, ही गोष्ट त्याला पुस्तकातून कळत नाही, मेसच्या वहीतून कळते. माणसांवर विश्वास टाकण्याची सवय इथे मोडते. बापाच्या पैशावर शिकलेल्या प्रत्येक मुलाला ही पानं जड जातील, जायलाही हवीत.

दुसरं ठिकाण मनीचा मृत्यू. मनी पांडुरंगची धाकटी बहीण, आणि ती देवीच्या आजाराने जाते. ‘कोसला’तली ही पानं मराठीत शोकाविषयी लिहिल्या गेलेल्या सर्वोत्तम पानांत मोडतात, आणि मी त्यांचं वर्णन इथे करणार नाही, ती ज्याची त्याने वाचावीत. एवढंच सांगतो की इथे पांडुरंगची सगळी हुशारी, सगळी ऐट गळून पडते. गेलेल्या मुलीबरोबर तिच्या पोटी येऊ शकली असती ती माणसंही गेली, इथवर तो विचार करत जातो, आणि त्यातच एक भयंकर सांत्वन शोधतो: निदान दुःखाची एक वेल तरी इथे थांबली. विशीतल्या मुलाने असा विचार करावा, याला मी निरागसपणाचा शेवट म्हणतो. मेसच्या हिशेबाने त्याचा माणसांवरचा विश्वास गेला होता. मनीने जगण्यावरचाच नेला.

आजच्या वाचकाने इथे थोडं थांबायला हवं, कारण देवी हा रोग त्याने पाहिलेला नाही. वर्गात हा भाग वाचून झाल्यावर रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, की देवी म्हणजे नेमकं काय? मी तिला आजीचा दंड बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली ती मोबाईलमध्ये फोटो घेऊनच. सुरकुतलेल्या दंडावर दोन गोल, चकचकीत, आत दबलेले वण. आजीने तिला लहानपणी गावात देवी काढायला आलेल्या माणसाची आणि मुलं ज्वारीच्या शेतात कशी पळून लपायची त्याची गोष्टही सांगितली होती. घरातली एक न सांगितलेली गोष्ट एका कादंबरीमुळे बाहेर आली.

देवीची लस आपल्याकडे नवी नव्हती. मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती १८०२ च्या जूनमध्ये टोचली गेली. भारतातली ती पहिली लस. म्हणजे मनीच्या मृत्यूच्या दीडशे वर्षं आधी उपाय मुंबईच्या किनाऱ्यावर उतरला होता. देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मात्र १९६२ मध्ये सुरू झाली, ‘कोसला’ येण्याच्या आदल्या वर्षी. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि जगातून रोग गेल्याची घोषणा १९८० ची. या तारखा शेजारी ठेवून मनीची पानं वाचली की राग येतो. पांडुरंग मृत्यूच्या, जन्माच्या, निरर्थकतेच्या मोठ्या प्रश्नांकडे जातो, ते खरंच आहे. पण त्या प्रश्नांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: लस खेड्यातल्या मुलीपर्यंत पोचली नाही. वडिलांकडे मुलाला पुण्याला पाठवण्याइतका पैसा होता आणि तरीही मुलगी देवीने गेली. मुलाच्या शिक्षणावर सगळ्या घराचं लक्ष आणि मुलीच्या दंडाकडे कुणाचंच नाही, हा त्या काळच्या सुस्थित घरांचाही न्याय होता.

पुढे पांडुरंग अजिंठ्याला जातो. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. खान्देशातल्या शाळांच्या सहली तिथे ठरलेल्या. आपण सगळे तिथे गेलो आहोत, डबे खाल्ले आहेत, वाघूर नदीचा वळसा पाहिला आहे. पांडुरंग तिथे मनीला घेऊन जातो, म्हणजे तिचं दुःख घेऊन. बुद्धाच्या मूर्तीपुढे त्याला जे जाणवतं, ते अजिंठ्याविषयीच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळणार नाही. दुःख हे फक्त आपल्या घरावर कोसळलेलं नाही, कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी त्याच्याकडे डोळे न मिटता पाहिलं होतं, ही ओळख त्याला थोडं सावरते. ‘कोसला’ निव्वळ निराशेची कादंबरी आहे असं म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

खान्देशच्या संदर्भात पांडुरंगच्या शेजारी आणखी एका मुलाला उभं करायला हवं. तो मुलगा श्याम. साने गुरुजी कोकणातले, पण त्यांची कर्मभूमी अमळनेर. प्रताप हायस्कुलात त्यांनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं काढली, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक चालवलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच टिपून घेतली, आणि पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. श्यामही शिकायला घराबाहेर पडलेला आहे, त्यालाही गरिबीची आणि परकेपणाची झळ लागली आहे, आणि आईच्या अखेरच्या घडीला तो जवळ नव्हता. तरी श्याम कोशात शिरत नाही, कारण त्याच्याजवळ सांगायला आईची शिकवण आहे आणि ऐकायला आश्रमातले मित्र आहेत. रात्र झाली की ते जमतात आणि तो बोलतो. पांडुरंगला ऐकणारं कुणी नाही. मित्र आहेत, सुरेशसारखा जिवाभावाचा सोबतीही आहे, पण घर आणि मुलगा यांच्यात बोलण्याची वाट बुजली आहे. या दोन पुस्तकांत जेमतेम तीस वर्षांचं अंतर. श्यामच्या जगात दुःखातून माणूस चांगला होतो, असा ठाम विश्वास आहे. पांडुरंगच्या जगात तो विश्वास उरलेला नाही. मला दोघेही खरे वाटतात, आणि एका मुलाने दोन्ही पुस्तकं वाचावीत असं वाटतं.

जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या १९५१ च्या अमेरिकी कादंबरीशीही ‘कोसला’ची तुलना होते. तिथला होल्डन कॉलफील्डही शाळेतून काढलेला, ढोंगाचा तिटकारा असलेला, आपल्याच बोलीत बोलणारा मुलगा. त्याचाही भाऊ लहानपणीच गेला आहे. साम्य उघड आहे. पण होल्डनच्या गोष्टीत आईबाप जवळजवळ दिसतच नाहीत. पांडुरंगच्या गोष्टीत वडील प्रत्येक पानामागे उभे आहेत. अमेरिकी मुलगा घराला टाळून शहरात भटकू शकतो. खान्देशी मुलाच्या भटकण्याचा खर्चही घरूनच येतो, आणि त्याचा हिशेब घरीच द्यावा लागतो. म्हणून त्याचं बंड पूर्ण होत नाही. तो शेवटी पदवीवाचून गावी परततो, आपल्यासारख्याच शिकलेल्या-न शिकलेल्या रिकाम्या पोरांत बसतो, आणि शेतीत, गावकीत, वडिलांच्या सावलीत त्याला जागा शोधावी लागते. शिकलेल्या मुलाचं गावात काय करायचं, हा प्रश्न तिथे उघडाच राहतो. नेमाड्यांनी पुढे ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील या तरुण प्राध्यापकाच्या निमित्ताने तो पुन्हा हाताळला आणि २०१० च्या ‘हिंदू’मध्ये पुन्हा खान्देशातल्याच घरात नेला. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा सांगवीच्या पोराचा हा प्रश्न सगळ्या देशासमोर गेला.

‘कोसला’ची मर्यादाही प्रस्तावनेत सांगायला हवी. एकटेपणात बसून राहायला काही वर्षांची मोकळीक लागते, आणि ती पांडुरंगला जमिनीवाल्या घरातला मुलगा म्हणून मिळाली. जळगावजवळच्या असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं. माहेर सुटलं, शेत आणि घरोटं हाती आलं, लहानपण आणि बाईपण यांच्या मध्ये काही उरलंच नाही. त्यांनी त्यातून ओव्या काढल्या, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांना कुणी कुमारवय दिलं नाही. आजही सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल मुलांपैकी कितीतरी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि चौदाव्या वर्षी कोयता धरतात. मनीच्या बाजूने लिहिलेली ‘कोसला’ अजून यायची आहे. ती कुणा खान्देशी मुलीने लिहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता आजचं बोलू. केळीच्या पट्ट्यातून, शिरपूर-शहाद्याहून, साक्री-चाळीसगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स पुण्याला निघतात. जळगावहून पुण्याला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्येही पाठीवर सॅक अडकवलेली पोरं असतात. मनीऑर्डर गेली, फोनवरून पैसे येतात. मेसचा डबा आला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आल्या, स्पर्धा परीक्षांची वर्षं आली. एक प्रयत्न, दुसरा, तिसरा. गावाकडे फोन लावला की वडील दोनच गोष्टी विचारतात, अभ्यास कसा चाललाय आणि पैसे आहेत का. मुलगा दोन्हींना ‘हो’ म्हणतो. आई जेवलास का विचारते. तिलाही ‘हो’. या तीन ‘हो’च्या मागे केवढं काय दडलेलं असतं, ते पांडुरंगने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत मी एक गोष्ट पाहतो. ‘कोसला’ वाचून काही मुलं पांडुरंगसारखी बोलायला लागतात, अभ्यास सोडतात आणि त्यालाच खोली समजतात. त्यांना मी सांगतो, की पांडुरंग पंचविसाव्या वर्षी हे सगळं लिहायला बसला. कोशात पडून राहिलेला माणूस इतकी पानं लिहीत नाही. इतकं नेमकं आठवायचं, मनीला पुन्हा समोर आणायचं, स्वतःच्या मूर्खपणासकट सगळं मांडायचं, याला फार बळ लागतं. लिहिणं हे त्याचं पहिलं मोठ्या माणसासारखं काम आहे. त्याची लकब उचलणं सोपं. हे काम उचलून बघा.

वाचायचं कसं, याविषयी थोडं. सुरुवातीची गावाकडची पानं घाईने ओलांडू नका. त्यातल्या उंदीर मारण्याच्या प्रसंगात मुलाची क्रूरता आणि कणव दोन्ही आहेत, आणि पुढचं पुष्कळ त्यात पेरलेलं आहे. इतिहासाच्या थाटातला भाग कंटाळवाणा वाटला तर मोठ्याने वाचा, मित्राबरोबर वाचा. मनीची पानं मात्र एकट्याने वाचा. पुस्तकात सापडलेलं तत्त्वज्ञान वहीत उतरवून घेण्याआधी, आपल्या गावातले, आपल्या घरातले कोणते प्रसंग आठवले ते लिहून काढा. आणि ज्यांची मुलं पुण्याला आहेत त्या वडिलांनीही ही कादंबरी जरूर वाचावी. त्यांना सुरुवातीला पांडुरंगचा राग येईल, वाया गेलेला पैसा डोळ्यांपुढे नाचेल. तरी शेवटपर्यंत जावं. पांडुरंगचे वडील दुष्ट नाहीत. ते कष्टाने उभे राहिलेले, गावाला वळण लावणारे, मुलावर आपल्या पद्धतीने जीव टाकणारे गृहस्थ आहेत, आणि मुलाला काय झालंय हे विचारण्याचे शब्द त्यांच्याजवळ नाहीत. मुलाजवळही सांगायचे नाहीत. संपूर्ण कादंबरीत त्या दोघांचं जे एक सरळ बोलणं व्हायला हवं होतं, ते होत नाही.

ते बोलणं तुम्ही करा. पुस्तक मिटल्यावर घरी फोन लावा आणि अभ्यास-पैसे-जेवण यांच्यापलीकडचं एक खरं वाक्य सांगा: मेसमध्ये पैसे बुडाले, पेपर वाईट गेला, इथे करमत नाही. वडील चिडतील, गप्प होतील, कदाचित फोन आईकडे देतील. तरीही सांगा, आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगा. पांडुरंगला पंचवीस वर्षं आणि एक अख्खी कादंबरी लागली. तुम्हाला इतका उशीर व्हायचं कारण नाही.